माझ्या तोंडाखालच्या ओळी

माझी जीभ तिखट आहे. हे लोकांनी मला सांगायला नको, माझ्या आईने फार आधी सांगून ठेवलंय. आमच्या भाषेत भांडायचं असेल तर मला कुणाची मदत लागत नाही. पण आम्ही राहतो त्या शहराची भाषा वेगळी. ती मला बाजारापुरती येते. किती, कुठे, नको, उद्या. एवढ्याशा भांडवलावर भांडण उभं राहत नाही. म्हणून इथे आल्यापासून माझ्या वतीने माझी लेकच बोलत आली. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता ती माझ्याहून वीतभर उंच झाली आहे, पण नाव पडलं ते पडलं.

घरमालकीण असो, दवाखाना असो, बँक असो, मी आमच्या भाषेत बोलायचे आणि बारकी ते इथल्या भाषेत सांगायची. आणि मला नेहमी वाटायचं, या शहरातली माणसं भारी समजूतदार. नळ गळतो म्हणून मी मालकिणीला चांगलं फैलावर घेतलं, तर ती हसून म्हणाली, उद्याच माणूस पाठवते. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईला मी म्हटलं, तुझ्या रांगेत उभी राहून मी म्हातारी व्हायची वाट बघतेस का, तर ती उठली आणि तिने मला खुर्ची आणून दिली. मी घरी येऊन यांना सांगायचे, "बघा, माणसाने स्पष्ट बोलावं. बोलणाऱ्याची मातीही विकते." हे ट्रक चालवतात. आठवड्यातले दोनच दिवस घरी असतात आणि ते माझ्याशी वाद घालण्यात घालवायची त्यांची तयारी नसते. "बरोबर आहे तुझं," म्हणायचे आणि कूस बदलायचे.

यंदा बारकीच्या शाळेत एक नवा प्रकल्प निघाला. तिला भाषा शिकवणारे मास्तर तरुण आहेत, काटकुळे, गळ्यात कायम हेडफोन आणि खिशातून चार्जरच्या वायरी लोंबणाऱ्या. मुलं त्यांना वायरमास्तर म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि ते हसतात. त्यांची कल्पना अशी, की प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाचा छोटा व्हिडिओ करायचा. त्या माणसाने आपल्या भाषेत सांगायचं, आपल्या रस्त्यावर, आपल्या वस्तीत काय बदलायला हवं. मुलाने ते ऐकून पडद्याच्या खाली इथल्या भाषेत ओळी टाकायच्या. म्हणजे भाषाही शिकून होते आणि नागरिकशास्त्रही. त्यातला एक व्हिडिओ निवडून नगरपालिकेच्या रस्ते समितीपुढे दाखवणार होते. लोकांचं म्हणणं ऐकायला समितीची एक बैठक असते, त्या बैठकीत.

"मी काय बोलू?" मी विचारलं.

"तुला जे बदलायला हवंय ते," बारकी म्हणाली. "पण थोडक्यात बोल गं, आई."

मला विचार करावा लागला नाही. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. आमची पहिली पाळी उजाडायच्या आत सुरू होते. पूर्वी बस लाँड्रीच्या दारातच थांबायची. मग कुणीतरी खुर्चीत बसल्या बसल्या थांबा हलवला तो थेट मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. आता आम्ही बायका अंधारात उतरतो त्या चुकीच्या बाजूला. ओलांडायला ना पट्टे, ना दिवा. गाड्या अशा येतात की जणू रस्ता त्यांच्या वडिलांनी आंदण दिलाय. काही दिवसांपूर्वी आमच्यातल्या एकीला गाडीने उडवलं. ती इस्त्रीच्या यंत्रावर असते, म्हणून आम्ही तिला इस्त्रीवाली म्हणतो. ती माझ्या जरा पुढेच होती. तिच्या डब्याचं झाकण डांबरावर गोल गोल फिरत राहिलं आणि मी बावळटासारखी त्या झाकणाकडे बघत राहिले. तिच्या पायात आता सळई आहे.

सुट्टीच्या दिवशी बारकीने मला त्या थांब्यावर उभं केलं. शाळेचा टॅब तिकाटण्यावर लावला, माझ्या ओढणीला छोटा माइक अडकवला आणि मला दोनदा मागे सरकवलं, कारण माझ्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत होता. मग म्हणाली, "बोल."

मी बोलले. "ज्याने हा थांबा हलवला तो माणूस इथे कधी पायी आलाय का? त्याने हा रस्ता गाडीच्या काचेतून बघितला असेल. त्याची आई रोज पहाटे इथे उतरत असती तर हलवला असता का त्याने? आमच्या बाईचा पाय मोडला. तुमच्यातल्या एकाने तरी येऊन विचारलं, कशी आहे म्हणून? लाज नावाची वस्तू तुमच्या कचेरीत मिळते, की तीही पलीकडच्या बाजूला हलवली? तुमच्या हॉस्पिटलच्या चादरी आम्ही धुतो. उद्या तुम्ही आजारी पडलात तर आमच्याच चादरीवर झोपाल. आम्हाला पट्टे हवेत आणि दिवा हवा. भीक मागत नाही आम्ही, आमच्या हक्काचं मागतोय."

एका दमात. बारकीने टॅब बंद केला आणि म्हणाली, "झालं." तिचा चेहरा जरा उतरला होता, पण मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढचे काही दिवस ती संध्याकाळी टॅब घेऊन बसायची. माझा एक-एक शब्द परत परत ऐकायची, खाली काहीतरी टाइप करायची, पुसायची. मी डोकावले की पडद्यावर हात ठेवायची. "अजून व्हायचंय," म्हणायची. मला काय, बरंच वाटत होतं. आपलं बोलणं कुणीतरी इतक्या वेळा ऐकतंय, हे सुख संसारात कुठल्या बाईला मिळतं?

मग शाळेच्या सभागृहात सगळ्या पालकांना व्हिडिओ दाखवले. कुणाच्या आजोबांना बागेत टेकायला बाक हवा होता. कुणाचे वडील बेकरीत पाव भाजायचे, त्यांची तक्रार कचऱ्याच्या डब्यांबद्दल होती. मग माझं तोंड पडद्यावर आलं, भिंतीएवढं. माझे हात हलत होते, भुवया चढल्या होत्या. मी आजूबाजूला बघितलं. लोक मान डोलवत होते. पुढच्या रांगेतली एक बाई तर माझ्याकडे वळून गोड हसली. मला कळेना, हसण्यासारखं यात काय आहे?

शेवटी पडद्यावर मी म्हणत होते, भीक मागत नाही आम्ही. आणि खालच्या ओळीत एक शब्द होता, तो मला वाचता येतो. दुकानाच्या पिशवीवर असतो, बसच्या तिकिटावर असतो, बँकेच्या दारावर असतो. तो शब्द होता 'आभारी'. माझ्या एवढ्या उघड्या, चिडलेल्या तोंडाखाली 'आभारी'. अशा तोंडाने मी जन्मात कुणाचे आभार मानलेले नाहीत.

टाळ्या जोरात वाजल्या. वायरमास्तरांनी जाहीर केलं, समितीपुढे हाच व्हिडिओ जाणार. मुख्याध्यापकबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी बारकीला विचारलं.

"छान झालं म्हणाल्या."

एवढं लांबलचक बोलणं आणि अर्थ एवढाच? माझ्या मनात पाल चुकचुकली. शाळेच्या फाटकाबाहेर पडलो आणि मी थांबले.

"खाली काय लिहिलं होतंस ते मला वाचून दाखव."

"आई, सबटायटलला जागा कमी असते. एका ओळीत किती अक्षरं मावतात त्याचा नियम असतो, मग छोटं करावं लागतं."

"छोटं केलेलंच वाच."

तिने फोन काढला आणि खाली मान घालून वाचलं. "'थांबा हलवण्यामागे काही कारण असेल. आम्हाला थोडा त्रास होतो. जमल्यास पट्टे आणि दिवा यांचा विचार व्हावा. तुमच्या कामाबद्दल आम्ही आभारी आहोत.'"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थोडा त्रास? इस्त्रीवालीच्या पायात लोखंड घातलंय आणि थोडा त्रास?" मी अजून बरंच काही बोलले. मग बोलता बोलता दुसरंच काहीतरी डोक्यात आलं आणि माझा आवाज खाली आला. "बारके, दवाखान्यातल्या त्या खिडकीवाल्या बाईला तू काय सांगितलं होतंस?"

ती फोन पिशवीत ठेवायला लागली.

"सांग."

"म्हटलं, आईचे पाय फार दुखतात, तिला बसायला मिळेल का."

"आणि मालकिणीला?"

"तुमचं घर आम्हाला फार आवडतं. नळाच्या पाण्याने भिंत खराब होऊ नये, असं आईला वाटतं."

मला हसावं की तिच्या एक ठेवून द्यावी, समजेना. म्हणजे अख्ख्या शहरात मी गोड बाई म्हणून नावाजलेली, आणि पत्ता नाही तो फक्त मला! मग हसू ओसरलं आणि आत कुठेतरी दुखलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी या लोकांशी बोलते आहे. मी कुणाशी बोलतच नव्हते. बोलत होती ती दुसरीच बाई, माझ्या लेकीने घडवलेली.

"तुला माझी लाज वाटते," मी म्हणाले.

"नाही." तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज माझाच, धारदार. "तू बोलतेस आणि मोकळी होतेस. ऐकून कोण घेतं? लहान असताना मी एकदा जसंच्या तसं सांगितलं होतं. बँकेत. तू त्या माणसाला म्हणालीस, डोकं घरी ठेवून आलास का, आणि मी तेच सांगितलं. तो इतका ओरडला की आतली माणसं बाहेर आली. कोणाकडे बघून ओरडला? तुला वाटलं, तो मला काहीतरी समजावतोय. तू विचारलंस, काय म्हणतो गं? मी सांगितलं, उद्या या म्हणतोय. लोक बोलणाऱ्या तोंडाकडे बघून ओरडतात, आई. आणि तोंड दरवेळी माझंच असतं."

मी भर रस्त्यात रडले. ती मला गप्प करायला लागली आणि मग स्वतःच रडायला लागली. येणारी जाणारी माणसं बघत होती. बघेनात का.

घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. "मास्तरांना खरं काय ते सांग," मी म्हटलं. तिला भीती होती की आपला व्हिडिओ काढून टाकतील. "काढू देत," मी म्हणाले. खरं तर तो समितीपुढे जायला मलाही हवा होता. तो रस्ता मला रोज ओलांडायचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरमास्तर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. त्यांनी माझं बोलणं तुकड्या तुकड्याने लावलं आणि बारकीला प्रत्येक वाक्याचा सरळ अर्थ सांगायला लावला. लाजेच्या वाक्याला त्यांचे कान लाल झाले. चादरीच्या वाक्याला त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मला तुमची भाषा येत नाही," ते म्हणाले, बारकीमार्फत. "म्हणून तपासता आलं नाही. ऐकायला छान वाटलं, म्हणून निवडून मोकळा झालो. चूक माझीही आहे." मग ते जरा चुळबुळले. समितीला राग आला तर शाळेवर येईल, मुख्याध्यापकबाईंनी तोच गोड व्हिडिओ पाहून परवानगी दिली होती, वगैरे. "थोडं मधलं काही लिहिता येईल का?"

"मधलं म्हणजे कुठलं?" मी म्हटलं. "रस्त्याच्या मधोमध? तिथेच तर इस्त्रीवाली पडली."

बारकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण मास्तर चटका बसल्यासारखे खुर्चीत मागे सरकले. मग त्यांनी मान वळवली आणि बारकीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. एवढं मला थेट कळलं. मुख्याध्यापकबाईंना काय सांगायचं ते मी बघतो, असं बारकीला म्हणाले आणि हेडफोन टेबलावरच विसरून गेले.

मग आम्ही दोघी बसलो. एकेका ओळीवरून भांडलो. त्या कामाचं शास्त्रच वेगळं निघालं. ओळ पडद्यावर माणसाला वाचता येईल इतका वेळ तरी राहिली पाहिजे, आणि मी बोलते धबाधबा. म्हणून काहीतरी गाळावंच लागत होतं. पण या खेपेला काय गाळायचं, ते बारकी मला विचारत होती.

"लाजेचं आणि चादरीचं, दोन्ही मावत नाही," ती म्हणाली. "एक ठेव."

लाजेचं वाक्य माझं लाडकं होतं. मी ते कामावर ऐकवलं तेव्हा लाँड्रीतल्या बायका पोट धरून हसल्या होत्या. मी बराच वेळ विचार केला. "चादर ठेव," मी म्हटलं. "लाजेने त्यांना टोचेल नुसतं. चादरीने कळेल."

बारकी हसली. मग टाइप करता करता थांबली. "आणि ते ओरडले तर?"

"मी असेन ना तिथे."

"ते काय ओरडले ते तुला कळणार नाही."

"कुणाकडे बघून ओरडले, ते कळेल."

समितीची बैठक एका लांबट खोलीत होती. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर शहराचा नकाशा. मधोमध अध्यक्षबाई बसल्या होत्या, पांढरे आखूड केस, चष्मा दोरीला लावलेला. त्यांच्या शेजारी रस्त्यांचे साहेब, इस्त्री इतकी कडक की मी ओळखलं, घरची नाही. मास्तरांनी व्हिडिओ लावला. माझं तोंड परत भिंतीवर आलं. या वेळी कुणी मान डोलवली नाही. कुणी हसलं नाही. 'उद्या तुम्ही आमच्याच चादरीवर झोपाल', ही ओळ आली तेव्हा कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज.

दिवे लागले. साहेबांचा चेहरा पार बदलला होता. ते काहीतरी बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. शब्द मला कळले नाहीत. पण त्यांचं बोट कळलं. ते बारकीकडे रोखलेलं होतं. आणि माझी उंच, शहाणी लेक खांदे आत घेऊन इतकीशी झाली होती. बँकेत ती अशीच उभी राहिली असेल, आणि मी तिच्या शेजारी होते.

मी उठले. खुर्ची मागे पडली तरी थांबले नाही. इथल्या भाषेतले माझ्याकडे असतील नसतील तेवढे शब्द मी गोळा केले.

"साहेब. इकडे. इकडे बघा. बोलले मी. मुलगी नाही बोलली. मुलगी लिहिली. ओरडा तर मला ओरडा."

साहेबांचं बोट खाली आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग ओरडायचं राहूनच गेलं. समोर एक बाई छाती काढून उभी आहे म्हटल्यावर ओरडणं तितकं सोपं नसतं.

मग अध्यक्षबाई बोलल्या, हळू, माझ्याकडे बघत. मी बारकीकडे वळले.

"त्या विचारतायत, त्या बाईंचा पाय आता कसा आहे?"

मी भांडायच्या तयारीने गेले होते. माझ्याकडे पुढची दहा वाक्यं तयार होती. या प्रश्नाला त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. "सळई आहे," मी म्हटलं. "काठी घेऊन चालते. कामावर कधी येईल, सांगता येत नाही."

साहेब मग नकाशापाशी गेले. बसला वळायला जागा नव्हती, मागे गाड्या तुंबायच्या, म्हणून थांबा हलवला, असं त्यांनी दाखवलं. बारकीने मला सगळं सांगितलं, "आणि ते म्हणतायत की तुम्ही उगाच आरोप करताय," हेसुद्धा. साखर न पेरता.

"त्यांना विचार, नकाशात अंधार दिसतो का?"

बारकी सरळ उभी राहिली आणि तिने विचारलं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही, हे मला साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी नकाशाकडे बघितलं, मग बुटांकडे. अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवरून खाली सोडला आणि म्हणाल्या, आपण बघून येऊ. पहिल्या पाळीच्या बसने. पायी.

आल्या की! मला वाटलं होतं, बोलाचीच कढी असेल. पण पुढच्याच आठवड्यात बसमध्ये आमच्या मागे त्या बसलेल्या, सपाट बूट घालून, आणि शेजारी साहेब, कोटाची कॉलर वर करून. आम्ही सगळे उतरलो. अंधार होता, गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसत होते. साहेबांनी रस्त्यावर एक पाय टाकला आणि मागे घेतला. परत टाकला, परत घेतला. अध्यक्षबाईंना आमच्यातल्या दोघींनी हाताला धरून नेलं. साहेब अलीकडेच राहिले, आणि मी.

राग काढायला इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळायची नाही. पण त्या माणसाचं पाऊल पुढे पडत नव्हतं. मी त्याची बाही पकडली. "थांबा," मी म्हटलं. एक ट्रक गेला. "थांबा." दोन गाड्या गेल्या. "आता! चला!"

आम्ही पळालो. लाँड्रीच्या दाराशी पोचल्यावर साहेब गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत राहिले. मग सरळ झाले आणि एकेक शब्द तोडून म्हणाले, "पट्टे या आठवड्यात मारतो. दिव्याला वेळ लागेल."

"वेळ किती?" मी विचारलं.

ते सांगायला लागले. लांबलचक असणार, कारण मध्येच थांबले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुमची मुलगी कुठे आहे?"

"घरी. झोपली," मी म्हणाले. "मला सांगा."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हळूहळू, माझ्याकडे बघून.